बॉम्बार्डियर भुंगेरा: उकळता फवारा आणि ‘अर्धवट यंत्रा’चा प्रश्न

ओलसर जमिनीवरचा दगड उलटला की कधीकधी त्याखालून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीचा एक भुंगेरा पळत सुटतो. त्याला चिमटीत धरलं की ‘फट्’ असा स्पष्ट आवाज होतो, शेपटाकडून धुरासारखी बारीक लोळ निघते आणि बोटाला चटका बसतो. कातडीवर पडलेला तपकिरी डाग साबणाने जात नाही. आपल्याला चटका बोटाला बसतो. बेडकाला किंवा पक्ष्याला तो थेट तोंडात बसतो.

हा बॉम्बार्डियर भुंगेरा. जमिनीवर राहून शिकार करणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कॅराबिडी कुळात त्याच्या पाचशेहून अधिक जाती आहेत आणि फेरोप्सोफस या प्रजातीतल्या काही जाती भारतातही आढळतात. त्याच्या फवाऱ्याचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपर्यंत, म्हणजे 100 अंश सेल्सिअसपर्यंत जातं. इतकं उकळतं रसायन पोटात तयार करून हा किडा स्वतः मात्र शाबूत राहतो. साहजिकच सजीवांची रचना उत्क्रांतीतून झाली की कुणी योजून केली, या वादात गेली जवळपास पन्नास वर्षं त्याला साक्षीला उभं केलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ‘निसर्गाचा चमत्कार’ छापाच्या व्हिडिओंतही तो असतोच. हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण इथे डिझाइनच्या बाजूने केलेला दावा मोघम नव्हता. तो तपासता येण्यासारखा होता, आणि तो तपासला गेला.

दावा काय होता

डुएन गिश हे अमेरिकेतले शिक्षणाने जीवरसायनशास्त्रज्ञ आणि निर्मितीवादाचे, म्हणजे सजीव उत्क्रांतीतून नव्हे तर देवाने थेट निर्माण केले या मताचे, आघाडीचे वक्ते. 1970 च्या दशकात विद्यापीठांतल्या जाहीर वादसभांमध्ये ते हा भुंगेरा हमखास आणत. 1977 साली मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकातही त्यांनी तो आणला. त्यांची मांडणी साधारण अशी होती: भुंगेऱ्याच्या पोटात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रोक्विनोन ही दोन रसायनं एकत्र साठवलेली असतात. ती एकत्र आली की स्फोट होतो. तो होऊ नये म्हणून किड्याकडे स्फोट रोखणारं तिसरं रसायन हवं. मग हवा तेव्हा स्फोट घडवायला त्या रोधकाला निष्प्रभ करणारं चौथं रसायन हवं. शिवाय स्फोट सहन करणारी कोठी हवी, नळी हवी, नेम धरायची सोय हवी. यातली एक जरी गोष्ट मागे राहिली, तरी पहिलाच भुंगेरा स्वतःच्या चिंधड्या उडवून घेणार. म्हणून सगळं एकदम, तयार स्थितीत अवतरलं असलं पाहिजे.

या युक्तिवादाला हसून उडवून लावणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. प्रश्नाचा साचा चुकीचा नाही. खुद्द डार्विनने 1859 च्या आपल्या ग्रंथात तो स्वतःहून मांडला होता: लहान लहान, एकामागून एक झालेल्या बदलांतून तयार होणं शक्यच नाही असा एखादा गुंतागुंतीचा अवयव दाखवता आला, तर माझा सिद्धांत कोसळेल. गिश यांनी डार्विनने ठेवलेलं आव्हानच उचललं होतं. एवढंच की आव्हान उचलल्यावर रसायनं खरोखर मिसळून बघायला हवी होती.

बाटलीत काय झालं

ती मिसळली सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या विल्यम थ्वेट्स आणि फ्रँक ऑब्री या दोन जीवशास्त्रज्ञांनी, 1978 साली. दोघं तिथे उत्क्रांती आणि निर्मितीवाद या दोन्ही बाजू मांडणारा अभ्यासक्रम चालवत आणि निर्मितीवाद्यांनाच आपली बाजू मांडायला वर्गात बोलावत. (वाद असा घातला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.) त्यांनी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रोक्विनोन एकत्र केलं. स्फोट झाला नाही. मिश्रण तपकिरी पडलं, बस्स.

रसायनशास्त्र जाणणाऱ्याला यात नवल नाही. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या डेव्हलपरमध्ये असायचं तेच हे हायड्रोक्विनोन. हवेत नुसतं ठेवलं तरी ते हळूहळू तपकिरी होतं. पेरॉक्साइडमुळे हे काम थोडं वेगाने होतं, पण उत्प्रेरक नसेल तर दोघं एकमेकांशेजारी बऱ्यापैकी शांत नांदतात. म्हणजे रोधक रसायन लागतच नाही, आणि रोधक नसेल तर त्याला निष्प्रभ करणाऱ्याचीही गरज उरत नाही. ‘चार गोष्टी एकदम हव्यात’ यातल्या दोन गोष्टी मुळात नव्हत्याच. तरी हा दावा पुढेही पुस्तकांतून आणि भाषणांतून फिरत राहिला.

अर्थात दावा ज्या रूपात मांडला त्या रूपात पडला, एवढ्याने प्रकरण मिटत नाही. डिझाइनच्या बाजूचा माणूस म्हणेल, ठीक आहे, रोधक नको. पण कोठ्या, झडप, विकरं (एन्झाइम्स) आणि नेम यांचं काय? हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर भुंगेऱ्याच्या आतच शिरायला हवं.

पोटातली दोन कोठ्यांची व्यवस्था

या किड्यावर ज्यांनी आयुष्यभर जीव लावला ते कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस आइस्नर. त्यांची एक पद्धत फार साधी होती. ते भुंगेऱ्याला पाठीवरून बारीक तारेला चिकटवत आणि रसायनात भिजवलेल्या गाळणकागदावर उभा करत. मग चिमट्याने त्याचा एखादा पाय हळूच दाबत. डावा पुढचा पाय दाबला, तर भुंगेरा पोटाचं टोक वळवून बरोबर डाव्या पुढच्या पायाकडे फवारा सोडत असे. फवाऱ्यातलं क्विनोन हे रसायन पडलेल्या जागी कागद काळा होई, म्हणजे नेम कुठे लागला याचा नकाशा आपोआप उमटे. मागचा पाय दाबला की डाग मागे. पाठीवर टोचलं की फवारा पाठीवरून. असे वीसहून अधिक बार तो लागोपाठ काढू शकतो. मग साठा संपतो आणि पुन्हा भरायला वेळ लागतो.

आतली व्यवस्था अशी आहे. पोटाच्या टोकाशी दोन ग्रंथी असतात आणि प्रत्येक ग्रंथीला दोन कोठ्या. आतल्या मोठ्या, स्नायूंनी वेढलेल्या पिशवीत हायड्रोक्विनोनं आणि सुमारे 25 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड यांचं पाण्यातलं द्रावण असतं. बाहेरच्या छोट्या कोठीची भिंत जाड, कडक झालेल्या क्युटिकलची, म्हणजे किड्याच्या बाहेरच्या कवचाच्याच द्रव्याची. या कोठीत दोन प्रकारची विकरं असतात. कॅटालेज पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. पेरॉक्सिडेज हायड्रोक्विनोनचं जळजळीत क्विनोन करतं. पिशवीचे स्नायू आवळले की द्रावण झडपेतून कोठीत येतं, विकरांशी गाठ पडते आणि उष्णता सुटते. सुटलेला ऑक्सिजनच सगळा माल बाहेर ढकलतो.

आइस्नर, डॅनियल अनेशान्सली आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये ही उष्णता मोजली: दर मिलिग्रॅम फवाऱ्यामागे सुमारे 0.2 कॅलरी. हा आकडा किरकोळ वाटेल, पण हिशेब करून पाहा. एक मिलिग्रॅम पाणी 25 अंशांवरून 100 अंशांवर न्यायला 0.075 कॅलरी पुरतात. उरलेल्या उष्णतेत त्यातल्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याची वाफ होते. ती धुरासारखी लोळ दिसते ती यातूनच.

मग एवढ्या उष्णतेत किडा शिजत कसा नाही? याचा उलगडा 1990 साली झाला. आइस्नर, अनेशान्सली आणि त्यांच्याबरोबर अतिवेगवान छायाचित्रणाचे जनक हॅरल्ड एजर्टन यांनी दाखवलं की हा फवारा सलग नसतोच. सेकंदाला साधारण 500 या वेगाने सुटणाऱ्या बारीक बारीक स्फोटांची ती माळ असते. दोन स्फोटांच्या मध्ये आतून गार द्रावण येतं आणि कोठीला जरा उसंत मिळते.

आता खरा पेच इथे आहे. सेकंदाला पाचशे वेळा झडप उघडायची आणि मिटायची, हे कोण करतं? इतक्या वेगाने आवळणारा-सैलावणारा स्नायू आणि त्याला अचूक हुकूम देणारी यंत्रणा लागत असती, तर डिझाइनवाल्यांच्या हातात भक्कम मुद्दा आला असता. 2015 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) आणि ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्याच आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत सिंक्रोट्रॉन या कणवेगवर्धक यंत्राच्या तीव्र क्ष-किरणांखाली जिवंत भुंगेऱ्यांना फवारायला लावलं आणि आतलं चित्रण केलं. दिसलं ते असं: झडपेजवळ क्युटिकलचा एक पातळ, लवचीक पडदा आहे. कोठीत स्फोट झाला की दाबाने तो फुगतो आणि आत येणारी वाट दाबून बंद करतो. माल बाहेर गेला, दाब उतरला, की पडदा मागे सरतो आणि पुढचा थेंब आत येतो. कुकरची शिट्टी जशी कुणी उचलत नाही, आतली वाफच उचलते, तसंच हे. स्नायू फक्त पिशवी आवळून धरतात. पाचशेचा ठेका त्यांना धरावा लागत नाही, तो दाबातून आपोआप पडतो.

‘पण कुकर कुणीतरी बनवलेला असतोच ना?’ हा प्रश्न लगेच येतो. येऊ दे. कुकरला पिल्लं होत नाहीत, आणि जरा पातळ पडद्याचा कुकर जरा जाड पडद्याच्या कुकरपेक्षा जास्त पिल्लं मागे ठेवत नाही. भुंगेऱ्याच्या बाबतीत नेमकं हेच घडतं. या चित्रणातून कळलं ते इतकंच की ज्या भागाला सर्वांत कुशल कारागिरी लागली असेल असं वाटत होतं, तो भाग म्हणजे कवचाचा एक पातळ राहिलेला तुकडा आहे. असे फरक एकाच जातीच्या दोन किड्यांमध्येही असतात.

सामान कुठून आलं

क्विनोनं ही या भुंगेऱ्याची खास मालमत्ता नाही. कीटकांचं मऊ कवच कडक आणि गडद होताना क्विनोनजातीची रसायनं कामाला येतात, म्हणजे ती बनवायची मूळ तयारी जवळजवळ प्रत्येक कीटकाकडे असते. पावसाळ्यात घरात शिरणारे आणि हात लावला की वेटोळं करणारे वाणी किडे घ्या. त्यांच्यातल्या अनेक जाती क्विनोनंच सोडतात, म्हणून बोटाला डाग पडतो. जुन्या पिठात होणारे बारीक तांबडे किडे क्विनोनं सोडतात, त्यामुळे पिठाला उग्र वास येतो आणि ते बेचव होतं. कॅराबिडी कुळातही थंड क्विनोनांवर भागवणारे भुंगेरे आहेत. त्यांच्याकडे उष्णता नाही, स्फोट नाही, नुसती दुर्गंधी आहे, आणि ती पुरते.

हायड्रोजन पेरॉक्साइड? पेशी ऑक्सिजन वापरते तिथे ते उपउत्पादन म्हणून तयार होतंच. ते साचलं तर पेशीला घातक, म्हणून ते मोडायला कॅटालेज असतं. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की फेस येतो तो आपल्या स्वतःच्या कॅटालेजमुळे. भुंगेऱ्याच्या कोठीतली मूळ अभिक्रिया हीच आहे. औषधाच्या दुकानातलं द्रावण फार पातळ असतं आणि भुंगेऱ्याचं दाट, एवढाच फरक. आणि दाटपणा ही गोष्ट टप्प्याटप्प्याने वाढू शकते.

सामान घरचंच होतं हे पटलं, तरी मधल्या पायऱ्या दाखवा, असं म्हणायला जागा उरते. इथे मेट्रियस कॉन्टॉर्टस हा भुंगेरा पुढे येतो. तो उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात राहतो आणि बॉम्बार्डियरांच्या पॉसिनी या शाखेत सर्वांत जुन्या ठेवणीचा समजला जातो. आइस्नर आणि सहकाऱ्यांनी 2000 साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. याच्याकडे दोन कोठ्या आहेत, रसायनंही तीच आहेत, पण त्याला फवारा सोडता येत नाही. त्याच्या टोकाशी बुडबुड्यांचा फेस येतो, साधारण 55 अंशांचा. हल्ला मागून झाला तर फेस तिथेच साचतो. पुढून झाला तर हे द्रव्य पाठीवरच्या कठीण पंखांच्या कडेने पुढे ओघळत जातं. नेम नाही, आवाज नाही, उकळी नाही. तरीही मुंग्या माघार घेतात.

याच शाखेतल्या इतर भुंगेऱ्यांत पुढची पायरी दिसते. त्यांच्या पंखांच्या कडेला एक वळलेली पट्टी असते. फवारा तिला घासून जाताना तिच्या वळणाला चिकटून वळतो आणि पुढच्या दिशेने जातो. वाहत्या द्रवाचा हा गुण भौतिकशास्त्रात कोआंडा परिणाम म्हणून ओळखला जातो. ब्रॅकिनिनी या दुसऱ्या शाखेत पोटाचं टोकच सगळीकडे फिरतं. थंड दुर्गंधी, गरम फेस, पट्टीवरून वळवलेली धार आणि तोफेसारखं फिरणारं टोक, या सगळ्या अवस्था आज जिवंत किड्यांमध्ये आहेत. प्रत्येक अवस्थेतला किडा आपलं पोट भरतो आणि वंश वाढवतो.

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा निकाल इथे लागतो. ‘अर्धवट यंत्र काय कामाचं?’ असं विचारताना आपण गृहीत धरतो की त्या यंत्राचं अंतिम काम आधीच ठरलेलं होतं. मेट्रियसचं यंत्र अर्धवट नाही. ते फेसाचं पूर्ण यंत्र आहे.

इथे एक हरकत येते आणि ती खरी आहे: मेट्रियस आजचा किडा आहे, तो कुणाचा पूर्वज नाही. मान्य. त्यामुळे ‘मेट्रियसपासून बॉम्बार्डियर झाले’ असं म्हणणं चूक ठरेल. अशा मऊ ग्रंथी जीवाश्मांत टिकणं अवघड, त्यामुळे खऱ्या पूर्वजाच्या पोटात नेमकं काय होतं ते आपल्याला दगडात सापडेल अशी आशा फारशी नाही. पण गिश यांचा दावा ‘मधली अवस्था सापडलेली नाही’ असा नव्हताच. ‘मधली अवस्था जगूच शकत नाही’ असा होता. ती जगते, हे दाखवायला एक जिवंत मेट्रियस पुरतो.

फवारा किती उपयोगाचा आहे, याचं मोजमाप जपानमधून आलं. कोबे विद्यापीठाच्या शिंजी सुगिउरा आणि ताकुया सातो यांनी 2018 मध्ये भेकांना, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकांना, फेरोप्सोफस जेसोएन्सिस हे भुंगेरे खाऊ घातले. भेकांनी ते गिळले. मग पोटातून बाराचा आवाज ऐकू आला. 43 टक्के भेकांनी भुंगेरा ओकून टाकला, काहींनी 12 मिनिटांत, एकाने तब्बल 107 मिनिटांनी. ओकलेला प्रत्येक भुंगेरा जिवंत होता. मोठे भुंगेरे जास्त सुटले आणि मोठ्या भेकांच्या पोटातून कमी. थोडं जास्त रसायन म्हणजे वाचण्याची थोडी जास्त शक्यता: निवड चालते ती अशा फरकांवर, आणि इथे तो फरक मोजलेला आहे.

डिझाइनच्या बाजूने उरतं काय

लीड्स विद्यापीठात उष्मागतिकीचे प्राध्यापक राहिलेले अँडी मॅकिंटॉश उघडपणे निर्मितीवादी आहेत. त्यांच्या गटाने याच भुंगेऱ्याच्या फवाऱ्यावरून द्रवाचे अतिबारीक थेंब उडवण्याचं तंत्र विकसित केलं. काम उत्तम आहे. त्यांच्या श्रद्धेमुळे त्याला कमी लेखणं अन्यायाचं होईल. पण त्या कामात दाब, झडप आणि बाष्पीभवन यांची गणितं आहेत. ती उत्क्रांती मानणाऱ्यालाही तशीच मांडावी लागली असती. डिझाइनच्या कल्पनेतून भुंगेऱ्याविषयी आधी सांगितलेली आणि मग खरी ठरलेली अशी गोष्ट त्यात नाही.

आणि अडचण हीच आहे. मधल्या अवस्था सापडल्या नाहीत, तर डिझाइन सिद्ध झालं म्हणायचं. सापडल्या, तर एकाच कारागिराने वेगवेगळ्या आवृत्त्या केल्या म्हणायचं. डार्विनने स्वतःच्या सिद्धांताला मरण कशाने येईल ते लिहून ठेवलं. डिझाइनच्या बाजूने या भुंगेऱ्याविषयी तसं एकच विधान झालं, गिश यांचं, आणि ते बाटलीत तपकिरी पडलं. 2005 साली अमेरिकेत डोव्हर इथल्या शाळेच्या खटल्यात न्यायाधीश जॉन जोन्स यांनी ‘इंटेलिजंट डिझाइन’ हे विज्ञान नाही असा निकाल दिला, पण मला तो निकाल दुय्यम वाटतो. विज्ञानातला निर्णय न्यायालयात होत नसतो.

देव आहे की नाही, हा या प्रकरणाचा विषय नाही. उत्क्रांती मानणारे श्रद्धाळू जगभर आहेत, आपल्याकडेही पुष्कळ आहेत. इथे प्रश्न एवढाच आहे की हा किडा पुरावा म्हणून आणला गेला आणि तो काय सांगतो.

आपल्याकडे याची गरज काय, असं कुणी विचारेल. जानेवारी 2018 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादमध्ये, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, डार्विनचा सिद्धांत चुकीचा असून तो अभ्यासक्रमातून बदलला पाहिजे असं जाहीरपणे सांगितलं. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिला नाही, हा त्यांचा मुद्दा होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, तेव्हा 1800 हून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी खुल्या पत्रावर सह्या केल्या. ‘कुणी पाहिलं नाही’ या मुद्द्याला उत्तर द्यायचं असेल तर हा भुंगेरा फार उपयोगी आहे. भूतकाळ डोळ्यांनी दिसत नसतानाही रसायन मिसळून, क्ष-किरणांनी आत डोकावून आणि नातेवाइकांशी ताडून तो कसा वाचायचा, हे दहावीच्या मुलाला एका तासात समजेल.

एक प्रश्न अजून उघडा आहे. ब्रॅकिनिनी आणि पॉसिनी या दोन शाखांमध्ये स्फोटाची ही युक्ती एकाच पूर्वजाकडून आली, की दोघींनी ती स्वतंत्रपणे दोनदा साधली, यावर कीटकशास्त्रज्ञांचा जुना वाद आहे. उत्तर कोणतंही आलं तरी उत्क्रांतीचा सिद्धांत टिकेल, तेव्हा याला त्याची कसोटी म्हणता येणार नाही. पण ते कुठे शोधायचं हे ठाऊक आहे: दोन्ही शाखांतल्या कोठीच्या पेशींमध्ये कोणते जनुक कामाला लागले आहेत, कॅटालेजच्या एकाच प्रतीत एकसारखे बदल झाले आहेत की वेगवेगळ्या प्रतींत, आणि स्फोट न करणाऱ्या शेजारच्या भुंगेऱ्यांत त्याच जनुकांचं आज काय काम चालतं, यात.